खेळायचं पाणी, पाहायचं पाणी

सहामाही परीक्षा संपली की घराघरात एकच धोशा सुरू होतो, 'यंदा कुठं जायचं?' मुलांना पाण्यात डुंबायचं असतं, आजी-आजोबांना गर्द सावलीत निवांत बसायचं असतं आणि आईला? तिला कुणी विचारतच नाही. ती टॉवेल, बॅगा आणि चपला सांभाळत काठावर बसून राहते. सगळ्यांचं मन राखायचं असेल तर केरळातल्या चालकुडी नदीकाठची सहल आखून पाहा.

मुंबईहून कोकण रेल्वेमार्गे जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस थ्रिसूरला थांबते. तिथून चालकुडी गाव साधारण ३० किलोमीटर आणि चालकुडीहून अथिरापल्लीचा धबधबा आणखी तेवढाच लांब. हा दुसरा रस्ता नदीच्या सोबतीनं नारळ, रबर आणि तेलताडाच्या मळ्यांतून जातो. याच वाटेवर ड्रीमवर्ल्ड आणि सिल्व्हर स्टॉर्म हे दोन वॉटरपार्क लागतात. सिल्व्हर स्टॉर्म २००० साली सुरू झाला.

पाण्यात उतरण्यापूर्वी

आधी अंगावरून शॉवरचं पाणी घ्या. घाम आणि क्लोरीन यांचा संयोग झाला की डोळे चुरचुरतात. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात, म्हणून पार्कमध्ये नायलॉनचा पोशाख घालायला सांगतात. साडी किंवा ओढणी घसरगुंडीत अडकू शकते. पण म्हणून आईनं काठावर बसायचं कारण नाही. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. तो घरूनच घेऊन जा, म्हणजे ऐन वेळी 'माझं राहू दे' म्हणायची पाळी येणार नाही.

मुलांना लाटांच्या तलावाचं भारी आकर्षण. अशा अनेक तलावांत भिंतीमागच्या कप्प्यात पंख्यांनी हवा भरून पाणी ढकलतात आणि त्याच्या लाटा होतात. भिंतीकडची बाजू खोल असते. लहानांना घेऊन नेहमी उथळ टोकालाच थांबा.

नजरेची पाळी लावा

लाइफगार्ड आहेत म्हणून आईवडिलांनी निर्धास्त होऊ नये. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते, हाक कुठून मारणार? पाच वर्षांखालचं मूल हात लांबवला की हाताशी येईल, एवढंच दूर असावं. हवेनं फुगवलेली ट्यूब खेळायला ठीक, तिच्यावर भरवसा नको.

यावर सोपा उपाय म्हणजे पाळी. वीस मिनिटं बाबांनी फक्त मुलांवर नजर ठेवायची. त्या वेळी मोबाइल नाही, फोटो नाहीत, गप्पा नाहीत. पुढची वीस मिनिटं काका, मग आई. पाळी ठरलेली असली की 'मला वाटलं तू पाहतो आहेस' हे वाक्य उच्चारावं लागत नाही आणि आपली पाळी नसताना आईलाही मनसोक्त भिजता येतं.

नदी पाहायची

धबधबा आणि पार्क एकाच दिवसात कोंबू नका. अथिरापल्लीचा धबधबा सुमारे ८० फुटांचा. 'गुरु' (२००७) चित्रपटातल्या पावसाच्या गाण्यात तो तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात तो रौद्र असतो, दिवाळीच्या सुमाराला भरलेला आणि उन्हाळ्यात बारीक. दिवाळीत केरळात दुपारनंतर सरी येतात, म्हणून सकाळीच निघा. पायथ्याकडची वाट उताराची आहे, आजी-आजोबांनी वरूनच दृश्य पाहावं. पुढे वाळाचलच्या जंगलात धनेश पक्ष्याच्या चार जाती आढळतात. मुलांना तिथं शांत राहायला शिकवा.

इथंच मुलं हट्ट धरतात, 'काल पाण्यात सोडलंत, मग आज का नाही?' त्यांना नीट समजावून सांगा. पार्कमधल्या पाण्याची खोली ठरलेली असते, तळ दिसतो आणि पहारा असतो. नदी वरून संथ दिसली तरी खाली शेवाळलेले खडक आणि डोह असतात. वरच्या अंगाला पेरिंगलकुत्तूचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की इथं ऊन असतानाही पातळी वाढू शकते. ऑगस्ट २०१८च्या महापुरात याच नदीचं पाणी चालकुडी गावात शिरलं होतं. हे ऐकलं की मुलं घाबरत नाहीत, शहाणी होतात आणि आपल्या गावच्या नदीवरही तेवढीच जपून वागतात.

परतीच्या गाडीत बॅग उघडून पाहा. तिच्यात सगळ्यांचे ओले कपडे असायला हवेत, आईचेसुद्धा.