पळण्याची तऱ्हा

वासणा-भायली रस्त्याने बडोद्याबाहेर पडलं, की वसाहती विरळ होतात आणि शेतं लागतात. बडोदा जिल्ह्याच्या शिवारांत नीलगाय वावरते. गुजराती शेतकरी तिला रोझ म्हणतो, विदर्भातला रोही. ती हरीण नव्हे, कुरंग. तिच्या नराची शिंगं बिनफाट्याची आणि कायमची. धोका दिसला की ती दौडत सुटते. मोकळ्या रानात तेच फायद्याचं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं म्यूल डिअर मात्र खरं हरीण. त्याच्या नराची दुफाटे फुटलेली शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. कान खेचरासारखे लांब. घाबरलं की ते चारही खुरांनी एकदम जमीन रेटून उसळतं आणि चारही खुरांवर उतरतं. सपाटीवर ही चाल दौडीपेक्षा मंद पडते. पण दगडधोंडे, झुडपं, उन्मळलेली झाडं असलेल्या चढावर प्रत्येक उडीला दिशा बदलता येते, आणि मागे लागलेल्या कायोटीला, म्हणजे तिथल्या लांडग्यासारख्या शिकारी प्राण्याला, तेच अडथळे वळसे घालून ओलांडावे लागतात.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे ते नेहमी पळतंच असं नाही. संशोधक सुझन लिंगल यांनी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात दोन जातींच्या हरणांची तुलना केली. कायोटी आला की पांढऱ्या शेपटीचं हरीण पळ काढतं; म्यूल डिअर बहुधा एकत्र येऊन उभं ठाकतं. माद्या कायोटीवर धावून जातात, तेही केवळ स्वतःच्या पाडसासाठी नव्हे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसाच्या बाळाचं, मांजराच्या पिल्लाचं रडणं ध्वनिक्षेपकावरून ऐकवलं, तेव्हा आवाजाची पट्टी पाडसाच्या हाकेशी जुळताच हरिणी त्या दिशेने धावल्या! मला हे फार मोलाचं वाटतं: हाक कोणाची, हे तपासत बसण्याइतका वेळ तिथे आईला नसतो.

बडोद्याच्या माळावर एके काळी गायकवाडांचे पाळीव चित्ते काळविटांवर सोडले जात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट मात्र आजही ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावू शकतं. भावनगरजवळच्या वेळावदरला आता त्याचा मुख्य शत्रू लांडगा. वेगात तो मोठ्या काळविटाला सहसा गाठू शकत नाही. पण नवजात पाडसाला पळताच येत नाही. त्याला आई उंच गवतात लपवून ठेवते आणि पाजण्यापुरती जवळ येते. पाडसाचं काम एकच, हलायचं नाही.