कंटेनरमधील सिग्नल

कंटेनरमधील सिग्नल म्हणजे लिनक्स संचालन प्रणालीवरील कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रक्रियांना पाठवले जाणारे संकेत होत. संकेत कोणी पाठवला व तो कोणासाठी आहे, हे पाहून तो पोहोचवायचा की परस्पर टाकून द्यायचा, हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ठरवतो.

सिग्नल ही व्यवस्था मूळची युनिक्सची. १५ क्रमांकाचा सिगटर्म प्रक्रियेला काम आवरते घेण्यास सांगतो. प्रोग्राम तो स्वतः हाताळू शकतो किंवा त्याकडे दुर्लक्षही करू शकतो. हाताळणी लिहिलेली नसेल, तर कर्नल ती प्रक्रिया संपवतो. ९ क्रमांकाचा सिगकिल मात्र प्रोग्रामला अडवता येत नाही.

== नामविश्व ==

कंटेनर हा वेगळा संगणक नव्हे. त्यातील प्रक्रिया यजमान संगणकाच्याच कर्नलवर चालतात. त्यांना दिसणारे जग तेवढे मर्यादित केलेले असते. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ या आवृत्तीत प्रक्रिया-क्रमांकांसाठी स्वतंत्र नामविश्वांची सोय झाली. घरातला थोरला मुलगा शाळेच्या हजेरीपटावर एक्केचाळिसावा असावा, तसे कंटेनरमध्ये १ क्रमांक असलेल्या प्रक्रियेचा यजमानाच्या यादीतील क्रमांक ४८१२ असू शकतो.

जी प्रक्रिया आपल्या नामविश्वात दिसत नाही, तिला क्रमांकाने सिग्नल पाठवता येत नाही. त्यामुळे कंटेनरमधून यजमानाच्या प्रक्रियांना धक्का लागत नाही. उलट, बाहेरच्या नामविश्वातून आत सिग्नल पाठवता येतो, अर्थात तशी परवानगी असेल तर. अशा वेळी पाठवणाऱ्याचा क्रमांक आतल्या प्रक्रियेला ० असा दिसतो.

== पहिली प्रक्रिया ==

युनिक्समध्ये १ क्रमांकाची प्रक्रिया सर्व अनाथ प्रक्रियांचे पालकत्व घेते. ती चुकून बंद पडू नये म्हणून कर्नल तिला विशेष संरक्षण देतो आणि कंटेनरमधील पहिल्या प्रक्रियेलाही हेच संरक्षण लागू होते. ज्या सिग्नलची हाताळणी तिने लिहिलेली नाही, तो कर्नल टाकून देतो. नामविश्वाच्या आतून पाठवलेला सिगकिलसुद्धा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरच्या, म्हणजे पालक नामविश्वातून आलेले सिगकिल व सिगस्टॉप हे दोनच सिग्नल तिच्यावर सक्तीने बजावले जातात. ही प्रक्रिया संपली की कर्नल त्या नामविश्वातील उरलेल्या सर्व प्रक्रियांना सिगकिल पाठवतो.

== व्यवहारातील परिणाम ==

या संरक्षणाचा फटका भल्याभल्यांना बसतो. सिगटर्मची हाताळणी नसलेला प्रोग्राम साध्या संगणकावर त्या सिग्नलने निमूटपणे बंद होतो. तोच कंटेनरमध्ये पहिली प्रक्रिया म्हणून चालवला, तर सिगटर्मने ढिम्म हलत नाही. डॉकर ही प्रणाली कंटेनर थांबवताना सहसा आधी सिगटर्म पाठवते, १० सेकंद वाट पाहते आणि मग सिगकिल पाठवते. कुबरनेटिसमध्ये ही मुदत सर्वसाधारणपणे ३० सेकंदांची असते. सक्तीने बंद झालेल्या प्रक्रियेचा निर्गम संकेतांक १३७, म्हणजे १२८ अधिक ९, असा नोंदवला जातो. सिगटर्मने संपलेल्या प्रक्रियेचा १४३ असतो. नोंदवहीत १३७ दिसला तर सिगकिल आला, एवढे निश्चित. तो मुदत संपल्याने आला की स्मृती अपुरी पडल्याने, हे वेगळे तपासावे लागते.

हानी केवळ वाया गेलेल्या सेकंदांची नसते. समजा, वीजदेयक भरण्याच्या एखाद्या सेवेची नवी आवृत्ती चढवण्यासाठी जुना कंटेनर थांबवला. ग्राहकाच्या खात्यातून पैसे वळते झाले, पण भरण्याची नोंद व्हायच्या आतच सिगकिल आला, तर पावती कोणाकडे मागायची? सिगटर्म हाताळणारा प्रोग्राम नवे व्यवहार घेणे थांबवून हातातला व्यवहार पुरा करू शकतो.

अनेकदा दोष प्रोग्रामचा नसतोही. कंटेनर सुरू करण्याची आज्ञा शेलमार्फत दिली, तर शेलच पहिली प्रक्रिया होऊन बसतो व खरा प्रोग्राम त्याचे अपत्य ठरतो. शेल आपल्याकडे आलेला सिगटर्म अपत्याला कळवत नाही. म्हणून प्रोग्राम थेट सुरू करण्याची शिफारस केली जाते. दुसरा उपाय टिनी या छोट्या प्रोग्रामचा, डॉकरच्या १.१३ या आवृत्तीपासून तो सोबतच मिळतो. टिनी पहिली प्रक्रिया होतो, आलेला सिग्नल अपत्याकडे सोपवतो आणि संपलेल्या अनाथ प्रक्रियांच्या नोंदीही काढून टाकतो. अपत्याचा क्रमांक १ नसल्यामुळे त्याला ते विशेष संरक्षण नसते, आणि हाताळणी लिहिलेली नसली तरी सिगटर्मने ते बंद होते.