उशीर गेला कुठे?

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं उडू लागली. दिवसभर फोनवर पाण्याच्या फवाऱ्यांचे आणि कमळाच्या आकाराच्या छताचे व्हिडिओ येत राहिले. ‘सुटलो बुवा एकदाचे’ असं निम्म्या मुंबईने उरलेल्या निम्म्या मुंबईला कळवलं. मी एवढ्यात सुटायला तयार नाही. त्याआधीचे सात आठवडे अजून डोळ्यांसमोर आहेत.

७ नोव्हेंबरला दिल्लीत विमानांचे फ्लाइट प्लॅन कंट्रोलरपर्यंत पोचवणारी संदेशयंत्रणा कोलमडली. कंट्रोलर मंडळी हाताने माहिती भरत बसली आणि आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. दिल्ली अडकली की मुंबई अडकते आणि मुंबई अडकली की नागपूर, कोल्हापूर, गोवा सगळेच ताटकळतात. महिना उलटायच्या आत वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनी इंडिगोचं वेळापत्रक फाटलं. ५ डिसेंबरला एका दिवसात त्यांची हजारावर उड्डाणं रद्द झाली. एकीकडे यंत्र थकलं, दुसरीकडे माणसं कमी पडली. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे कुठेच फट शिल्लक ठेवलेली नव्हती. ही फट कधी आणि कुणी बुजवली, ते आठवायचं तर मला मधलं एक दशकच उकरावं लागेल, २००९ ते २०१९ चं.

त्याआधीचं थोडक्यात उरकतो. १९४९ पासून नागपूर हे रात्रीच्या टपाल विमानांचं मध्यवर्ती ठाणं होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. हे वाचायला फार रम्य वाटतं. त्यानंतरच्या काही दशकांत आकाश बहुतेक रिकामंच होतं, तिथे उशीर व्हायचा तो सरकारी खाक्यामुळे. मग १२ नोव्हेंबर १९९६ आला. हरयाणातल्या चरखी दादरीवर सौदी जम्बो आणि कझाक इल्युशिन एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या रडारला तेव्हा विमान कुठे आहे ते दिसत होतं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाटही एकच होती. न्यायमूर्ती लाहोटी आयोगानंतर उंची दाखवणारी रडारं आली, टक्कर टाळणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं. या देशात आकाशावर पैसा खर्च व्हायला साडेतीनशे प्रेतं लागली. पुढे २००३ मध्ये एअर डेक्कन आली, मग स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो. चप्पल घातलेला माणूस विमानात बसू लागला याचा मला आनंदच आहे. ही सगळी विमानं उतरणार कुठे, एवढं विचारायचं मात्र राहून गेलं.

आता माझं दशक. वर्तमानपत्रात होतो, त्यामुळे दर डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आणि वर्षभर अधूनमधून दिल्ली ठरलेली. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत हे तेव्हा प्रत्येक राजकारणी अभिमानाने सांगायचा. या दोन्ही एकमेकींना फुलीसारख्या छेदतात हे सांगायचा नाही. एकीवर विमान असलं की दुसरी बंद, म्हणजे व्यवहारात धावपट्टी एकच. दशकाच्या सुरुवातीला तासाला तिसेक विमानांची ये-जा व्हायची. मग ब्रिटनच्या हवाई वाहतूक संस्थेचे तज्ज्ञ आले, विमान पटकन बाहेर काढणारे तिरके टॅक्सीवे झाले, विलेपार्ल्याच्या बाजूला सुमारे ८४ मीटर उंचीचा नवा टॉवर उभा राहिला. आकडा तासाला ४६ वर गेला. ४६ म्हणजे दर ७८ सेकंदांना एक हालचाल. उतरणाऱ्या दोन विमानांमधल्या फटीत तिसरं उडवायचं, पहिलं वेळेत वळलं नाही तर मागच्याला पुन्हा वर पाठवायचं, आणि हे तासन्‌तास, पावसाळ्यातही करायचं. हे करून दाखवणाऱ्या कंट्रोलर लोकांना माझा सलाम आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या कौशल्यावर दुकान थाटणाऱ्यांशी आहे.

२०१४ च्या फेब्रुवारीत टी-२ हे नवं टर्मिनल सुरू झालं. मोरपिसांचं छत, हजारो कलाकृतींची भिंत, वर्षाला चार कोटी माणसं सामावण्याची तयारी. टर्मिनलमध्ये माणसं मावली, धावपट्टी तीच राहिली. मग विक्रमांचा मोसम आला. २४ नोव्हेंबर २०१७ ला चोवीस तासांत ९६९ विमानं. ५ जून २०१८ ला १००३. ८ डिसेंबर २०१८ ला १००७, आणि त्या दिवशी उदयपूरला एका बड्या उद्योगपतीच्या मुलीच्या लग्नाआधीचे सोहळे होते, खासगी विमानांची रीघ लागली होती. प्रत्येक विक्रमाला प्रसिद्धीपत्रक आलं, प्रत्येक पत्रकाची बातमी झाली. त्या ९६९ पैकी किती विमानं वेळेवर होती, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं. आमच्याच बैठकीत मी ते विचारलं, तेव्हा एका सहकाऱ्याने ‘तुला चांगलं काही बघवत नाही का?’ असं ऐकवलं होतं. नाही बघवत. डोंबिवलीच्या जलद लोकलमध्ये आज किती माणसं कोंबली याचा रेल्वेने विक्रम म्हणून सत्कार केला, तर आपण काय म्हणू?

त्या विक्रमांची दुसरी बाजू आकाशात फिरत होती. मुंबईवर घिरट्या घालणं आम्हा नेहमीच्या प्रवाशांना इतकं अंगवळणी पडलं होतं की खिडकीतून समुद्र, मग ठाण्याची खाडी, मग पुन्हा समुद्र दिसला की आम्ही पुस्तकाचं पुढचं प्रकरण काढायचो. सरकारनेच नंतर याचा हिशेब मांडला. चाळीस मिनिटं घिरट्या म्हणजे १.७ किलोलिटर इंधन, सुमारे १ लाख ८० हजार रुपये. तासभर फिरलं तर २.५ किलोलिटर आणि २ लाख ६० हजार. हे एका विमानाचं. ते पैसे शेवटी कुणाच्या तिकिटातून निघतात ते सांगायला नको.

यावर तोडगा म्हणून जून २०१७ मध्ये दिल्लीच्या वसंतकुंजला विमानतळ प्राधिकरणाचं केंद्रीय नियंत्रण केंद्र सुरू झालं. देशभरातली उड्डाणं एका पडद्यावर बघायची, कोणत्या विमानतळाची कोणत्या तासाची क्षमता किती आणि मागणी किती ते ताडायचं, आणि मागणी जास्त झाली तर निघणाऱ्या विमानांना उड्डाणाची नेमकी वेळ ठरवून द्यायची. मुंबईवर फिरत इंधन जाळण्यापेक्षा नागपूरच्या पार्किंग बे-वर इंजिन बंद करून थांबणं शहाणपणाचं. कल्पना उत्तम आहे, युरोपात ती कित्येक वर्षं चालत आलेली आहे, आणि आपल्याकडे ती आधीच यायला हवी होती. पण तिचा एक परिणाम कुणी मोठ्याने बोललं नाही. परदेशातून किंवा दुरून निघालेलं विमान आधीच हवेत असतं, त्याला थांबवता येत नाही. थांबवता येतं ते अजून न उडालेलं, जवळचं. म्हणजे मुंबईच्या गर्दीचा भार औरंगाबाद, नागपूर, गोव्याच्या प्रवाशाच्या डोक्यावर.

त्या काळातली नागपूरची एक संध्याकाळ आहे. दारं लागली, पट्टे बांधले, आणि कॅप्टनने सांगितलं की मुंबई एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, परवानगी मिळालेली नाही. तास गेला, दीड तास गेला. एसी मंद. पाण्याचे छोटे ग्लास एकदा फिरले, दुसऱ्यांदा फिरले नाहीत. शेजारी वर्ध्याचे एक काका होते, मुलीच्या सासरी निघालेले. त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं, “काहून थांबलं हो? मुंबई आहे नं जाग्यावर?” तिने हसून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. खाली उतरल्यावर त्याच कंपनीच्या एका माणसाने मला हळूच सांगितलं की विमान आधीच्या फेरीतच उशिरा आलं होतं, त्यामुळे ठरवून दिलेली वेळ हुकली आणि नवी वेळ मिळेपर्यंत ताटकळावं लागलं. कंपनीचं नाव घेत नाही, त्या वर्षांत सगळ्यांचं हेच चाललं होतं. ‘एटीसी’ हे सगळ्यांच्या सोयीचं कारण होतं, कारण विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१० च्या नियमांत ते विमान कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत मोडतं. हाताबाहेरचं कारण म्हटलं की भरपाईचा प्रश्न मिटला.

त्याआधी नागपूरला वेगळी माणसं होती. जुन्या सरकारी विमानसेवेचे स्टेशनवरचे अधिकारी खुर्च्यांमधून चालत यायचे आणि सांगायचे, “मुंबईवर सहा विमानं फिरताहेत, दोन तास काही होत नाही, जेवून घ्या.” उद्धट असायचे, कामचुकारही असायचे, पण दोन तास म्हणाले की दोन तासच लागायचे. आता फोनवर संदेश येतो. वीस मिनिटं उशीर. मग आणखी वीस. मग आणखी पंचवीस. माणूस जेवायलाही जाऊ शकत नाही.

हवेतला उशीर असा जमिनीवर आला आणि जमिनीवरून तो वेळापत्रकात शिरला. मुंबई ते दिल्ली हा प्रवास पूर्वी छापील वेळापत्रकात दोन तासांच्या आत असायचा. विमानं काही हळू झाली नाहीत, पण आज तो सव्वादोन तासांचा दाखवतात. घिरट्या, रांग, टॅक्सी सगळं आधीच धरलेलं. वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान ‘वेळेवर’ धरायचं, ही जगभरची पद्धत. म्हणजे आधी अर्धा तास जास्त मागून घ्यायचा, वर पंधरा मिनिटांची सूट, आणि मग टक्केवारीच्या जाहिराती. महासंचालनालय ही टक्केवारी दरमहा काढतं, पण कित्येक वर्षं ती मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि हैदराबाद या चारच विमानतळांवरून काढली जायची. नंतर चेन्नई आणि कोलकाता आले. वर्ध्याच्या काकांची ती संध्याकाळ त्या हिशेबात कधी आलीच नाही. त्याच मासिक अहवालात उशिराची कारणंही असतात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा असतो आधीच्या फेरीच्या उशिराचा. उशीर का झाला, तर आधी उशीर झाला होता म्हणून.

दशकाचं शेवटचं वर्ष सगळ्यांत वाईट गेलं. ७ फेब्रुवारी ते ३० मार्च २०१९ धावपट्ट्यांच्या छेदाचं काम चाललं, मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच सगळं बंद. १७ एप्रिलला जेट एअरवेज जमिनीवर आली. वाटलं, निदान आता मुंबईच्या आकाशात थोडी हवा खेळेल. पण जेटच्या वेळा काही आठवड्यांत इतरांना वाटून टाकल्या गेल्या. आणि १ जुलैच्या रात्री, मालाडला भिंत कोसळली त्याच पावसात, जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरून चिखलात रुतलं. ते बाहेर काढून धावपट्टी सुरू व्हायला जवळपास चार दिवस लागले. एका विमानाच्या चाकांनी देशभरातल्या विमानांचं चक्र अडकलं.

नंतरची वर्षं भराभर सरली. मे २०२० मध्ये मुंबईला दिवसाला पन्नासच उड्डाणांची परवानगी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जाहीरपणे कबूल केलं की मुंबईत वेळा वाटताना मध्ये फारच थोडी फट ठेवलेली होती. ४६ चे ४४ केले, गर्दी नसलेल्या तासांत ४४ चे ४२ केले, खासगी विमानांवरची बंदी चार तासांवरून आठ तासांवर नेली. विक्रम साजरे करणाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी प्रसिद्धीपत्रक काढलेलं मला आठवत नाही.

म्हणून नव्या विमानतळाकडे बघताना मला छताचं कौतुक वाटत नाही, आकाशाचा प्रश्न पडतो. उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, २००७ च्या तत्त्वतः मंजुरीपासून अठरा वर्षं गेली. पण दोन्ही विमानतळांवर येणारी-जाणारी विमानं शेवटी एकाच आकाशातून वाट काढणार, तिथेच जुहूची हेलिकॉप्टरं, नौदलाची हेलिकॉप्टरं, पलीकडे पुण्याला हवाई दलाचं लोहगाव. देशाचे चारही हवाई विभाग आणि गुवाहाटीचा उपविभाग नागपूरहून एकत्र हाताळायची योजनाही कागदावर आली आहे, त्यासाठी २०२४ मध्ये प्राधिकरणाने प्रस्ताव मागवले. सोनेगावला पुन्हा मध्यवर्ती ठाणं व्हायचा मान मिळाला तर मी पेढे वाटीन. पण पडद्यापुढे बसणारी माणसं कुठून आणणार? कंट्रोलर कमी आहेत आणि आहेत त्यांच्यावर ताण आहे, हे २०२५ मध्ये संसदेच्या समितीनेच सांगितलं. दोन्ही विमानतळांची दर तासाची जाहीर क्षमता, त्या तासात वाटलेल्या वेळा आणि प्रत्यक्षात झालेली ये-जा असे तीन रकाने रोज लोकांपुढे ठेवा, एवढंच मागणं आहे. वसंतकुंजच्या पडद्यावर ते आकडे आहेतच.

जानेवारीत नागपूरला जाऊन आलो. तिकिटावर प्रवासाची वेळ पावणेदोन तास लिहिलेली होती, तेच अंतर हवेत तासाभरात कापलं जातं. येताना वीस मिनिटं उशिरा सुटलो, समुद्रावर एक फेरी मारली आणि पाच मिनिटं आधी उतरलो. ‘वेळेआधी पोचल्याबद्दल’ स्पीकरवर आमचं अभिनंदन झालं, आणि मग पार्किंग बे मोकळा नाही म्हणून आम्ही टॅक्सीवेवर अर्धा तास थांबलो.