जुन्या नोंदी, खडकांतल्या भेगा आणि आजचे भूकंप

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सुमारे ६० मीटर उंचीचा हा काळा कडा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचे उभे खांबच होत. असा भक्कम पाषाण पायाखाली असताना मुंबईला भूकंपाचे भय कसले? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर शोधू या.

प्रथम इतिहास पाहू. भूकंपांच्या जुन्या सूचीत २६ मे १६१८ रोजी मुंबईला वादळ व भूकंप झाल्याची नोंद आहे. त्यात २,००० माणसे व ६० गलबते गेली, असे ती सांगते. परंतु गलबते बुडतात ती वाऱ्याने आणि लाटांनी. म्हणून ही आपत्ती चक्रीवादळाचीच असावी, असे अभ्यासक मानतात. कलकत्त्याच्या १७३७ मधील ‘भूकंपा’चेही असेच झाले. मूळ कागदपत्रे तपासल्यावर तेही वादळच ठरले. तात्पर्य, जुनी नोंद पारखूनच घ्यावी लागते.

यंत्र आले की काम सोपे होते. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी खडकांतून धावतात. प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर दुय्यम लहरींचा साडेतीन किलोमीटर धरू. कोयना अंधेरीहून सुमारे २१० किलोमीटर दूर आहे. तेव्हा पहिल्या लहरी ३५ सेकंदांत पोहोचतील, दुसऱ्या ६० सेकंदांत. उलट, हा २५ सेकंदांचा फरक यंत्रावर मोजला की अंतर कळते. निदान तीन ठिकाणांहून अशी अंतरे काढून नकाशावर वर्तुळे काढली की ती जेथे छेदतात, तेथे भूकंपाचे केंद्र असते. अशी अनेक केंद्रे एका रेषेत आली, तर तिच्याखाली प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग, असण्याचा संभव असतो.

कोयनेला नेमके हेच दिसले. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली. भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबामुळे खडकांमधील घर्षण कमी होते आणि आधीच ताणलेला प्रस्तरभंग सरकतो. याच परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला आणि खाली फार जुना ग्रॅनाइट लागला! म्हणजे आपला भक्कम पाषाण हे केवळ झाकण आहे. कोयनेचे बहुतेक भूकंप त्याच्याखालच्या खडकात होतात.

किल्लारीने तर निराळाच धडा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जुनी नोंद नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. २००२ च्या सुधारणेत तो पट्टाच रद्द झाला. मुंबई त्या नकाशात मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आहे.

मुंबईजवळही खुणा आहेत. सह्याद्रीत आडवे असणारे लाव्हाचे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे कलतात. कोकणात उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यावरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता येत नाही. घरे मात्र मजबूत बांधता येतात.

आता एक गणित तुमच्यासाठी. ते धक्के अंधेरीपासून १०० किलोमीटरवर झाले असे धरा. दोन्ही लहरींच्या येण्यात किती सेकंदांचा फरक पडेल? तुमचे उत्तर १२ च्या आसपास आले, तर तुम्ही भूकंपशास्त्राचा पहिला पाठ शिकलात!