पंप, पाणी आणि कार्बन

उन्हाळ्यात ओलिताखालचे शिवार शेजारच्या कोरड्या माळापेक्षा थंड असते, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. पंजाब-हरियाणात हे लाखो हेक्टरांवर घडते आणि तिथली तापमानवाढ काहीशी झाकली जाते. झाकली जाते, थांबत नाही. उलट हवा दमट होते, घाम सुकत नाही आणि शेतात राबणाऱ्याला हा उकाडा जास्त जाचतो.

हा गारवा बहुतांशी भूजलाच्या जिवावर आहे. 'ग्रेस' उपग्रहांच्या मोजणीनुसार २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गेले, तेही पाऊस फारसा कमी नसताना. पाणी खोल गेले की पंपाला वीज जास्त लागते, आणि आपली बहुतेक वीज कोळशाची. त्यातून कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्याबरोबर तापमानही. तापमान एका अंशाने चढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अशी हवा पिकांतून जास्त पाणी ओढते, त्यांची तहान वाढते, पंप आणखी चालतो.

भूजलाचा उपसा कमी व्हावा म्हणून पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी जूनपर्यंत लांबवली. पण कापणीही पुढे गेली आणि गव्हासाठी शेत मोकळे करायला धसकटे जाळण्याची घाई वाढली. त्या धुराचे पुढचे दिल्लीकरांना विचारा!

सौरपंपाने कोळसा वाचतो, हे खरे. मात्र वीजबिलच नसेल तर उपशाला आवर कोण घालणार? महाराष्ट्रातही सौरपंप वाटताना पाणी मोजण्याची अट घालायलाच हवी.