डोंगरावरील कान

पस्तीस वर्षें शिक्षकाच्या पेशांत घालविल्यावर एक गोष्ट मला कळून चुकली, ती ही कीं, वर्गांत बोलणें सोपें असतें आणि ऐकणें कठीण. पुढच्या बांकावरील हुशार मुलाचें खणखणीत उत्तर कोणालाही ऐकूं येतें. मागच्या कोपऱ्यांतून दबकत दबकत विचारलेली शंका ज्याच्या कानांवर पडते, तोच खरा शिक्षक. हाच धडा निवृत्तीनंतर एका डोंगरावरील यंत्रानें मला पुन्हां शिकविला. त्या यंत्राची निगा कशी राखावी आणि तें बिघडल्यास दोष कसा हुडकावा, हें आज वाचकांपुढें मांडावयाचें योजिलें आहे. विषय यंत्राचा खरा, पण त्यांतील तत्त्व घरच्या माणसांनाही उपयोगी पडेल, असा मला भरंवसा आहे.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय तें सांगतों. सरकारी परीक्षा देऊन परवाना व संकेतनाम मिळवावयाचें आणि धंद्यासाठीं नव्हे, तर छंद म्हणून व प्रसंगीं लोकोपयोगासाठीं बिनतारी यंत्रावर बोलावयाचें, असा नेम असलेल्या मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. २६ जानेवारी २००१ रोजीं भूजकडे भूकंप झाला, तेव्हां या मंडळींनीं निरोप पोंचविण्याचें मोठें काम केलें. २६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानावर त्सुनामीची लाट आली, त्या दिवशीं श्रीमती भारती प्रसाद याच छंदापायीं पोर्ट ब्लेअर येथें आपलें यंत्र मांडून बसल्या होत्या. छंदाचें यंत्र त्या क्षणापासून संकटाचें यंत्र झालें.

दूरदेशींचें असें बोलणें लघुलहरींवरून चालतें. जवळपासच्या गांवांशीं बोलावयाचें तर हातांत मावणारें पांच वॉटचें यंत्र पुरतें. परंतु त्याच्या लहरी बहुधा दृष्टीच्या रेषेंतच चालतात. मध्यें डोंगर आडवा आला कीं संभाषण खुंटलें. म्हणून त्याच डोंगराच्या माथ्यावर रिपीटर, म्हणजे पुनःप्रक्षेपक, बसवितात. तो एका लहरीवर ऐकतो आणि ऐकलेलें त्याच क्षणीं दुसऱ्या लहरीवर अधिक जोरानें बोलून दाखवितो. उदाहरणार्थ, ऐकणें १४५.० मेगाहर्ट्झवर आणि बोलणें १४५.६ वर. दोन्ही कामें एकाच अँटेनावरून, एकाच वेळीं. स्वतःच्या बोलण्यानें त्याचेच कान बधिर होऊं नयेत म्हणून मध्यें धातूच्या नळकांड्यांचा एक संच असतो; त्यास डुप्लेक्सर म्हणतात.

आमच्या भागांतील असा एक रिपीटर माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याचे मित्र सांभाळीत. निवृत्तीनंतर परीक्षा देऊन मीही त्यांच्यांत सामील झालों. रोज सायंकाळीं घरून कळ दाबावी, डोंगरावरून यंत्रानें आपल्या शेपटीचा ‘टुक्’ असा आवाज द्यावा, आणि आम्ही समाधानानें चहाला बसावें, असा परिपाठ होता. “गुरुजी, उत्तर देतो आहे, म्हणजे प्रकृति उत्तम आहे,” असें तो म्हणे आणि मीही मान डोलवीं.

२०१९ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं घाटांत दरड कोसळली. वरच्या गांवची वीज गेली, कांहीं तासांनीं मोबाइलचे मनोरेही मुके झाले. त्या गांवांत आमच्यांतलाच एक तरुण शिक्षक राहात असे. शेजारच्या एका वृद्ध बाईंच्या छातींत कळा येऊं लागल्या. गाडी कोणत्या वाटेनें वर येऊं शकेल, हें विचारण्यासाठीं त्यानें हातांतील यंत्र घेऊन आम्हांस हांका मारल्या. आमचें आपसांतील बोलणें त्याला स्पष्ट ऐकूं येत होतें. त्याचा शब्द मात्र आमच्यापर्यंत एकही आला नाहीं. शेवटीं तो भर पावसांत तीन तास पायीं खालीं उतरला. बाई वांचल्या, हें त्यांचें दैव. त्यांत आमची कर्तबगारी कांहीं नव्हती. दुसऱ्या दिवशीं तो रागावला नाहीं. इतकेंच म्हणाला, “तुम्ही सर्वजण बोलत होतां, आणि मी ऐकत होतों.” तें वाक्य अद्याप माझ्या मनांतून गेलेलें नाहीं.

आतां दोषशोधनाकडे वळूं. आणि तेथें आमच्या हातून दुसरी चूक कशी घडली, तेंही सांगितलें पाहिजे. पाऊस ओसरतांच मंडळी वर गेली. कोणीतरी म्हणालें, “डुप्लेक्सरच बिघडला असणार.” लगेच त्याचे दांडे फिरवून पाहाण्यास आरंभ झाला. नळकांड्यांतील या दांड्यांचें जुळविणें अतिशय नाजूक असतें. मोजण्याच्या साधनावांचून त्यांना हात लावणें म्हणजे नाडी न पाहतां मात्रा उगाळून देणें होय. नुसतें बहिरें असलेलें यंत्र त्यामुळें मुकेंही झालें. डुप्लेक्सर शहरांत नेऊन पुन्हां जुळवून आणण्यांत आठवडा मोडला, पैसे गेले, आणि मूळचा बहिरेपणा होता तेथेंच राहिला.

वैद्यकांत आधीं निदान व मग चिकित्सा, हा क्रम आहे. नैयायिकांनीं कारण ओळखण्याची जी रीत घालून दिली, ती येथें तंतोतंत लागू पडते. अमुक असतां दोष असणें हा अन्वय. अमुक नसतां दोष नसणें हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून कारण ठरवूं नये, आणि दोन्ही पाहावयाचे तर एका वेळीं एकच गोष्ट बदलली पाहिजे. हा नियम मीं फळ्यावर लिहून दिला आणि आम्ही पुनश्च हरिः ॐ केला.

पहिली पायरी डोंगरावर नसून घरींच आहे. पुष्कळ रिपीटर अशा बेतानें लावलेले असतात कीं, बोलण्याबरोबर एक ठराविक मंद सूर आल्यावांचून ते दार उघडीत नाहींत. आपल्या यंत्रांत तो सूर चुकीचा लागला असेल, अथवा दोन लहरींतील अंतर चुकलें असेल, तर दोष आपला आणि बोल डोंगराला, असा प्रकार होतो. दुसऱ्याचें यंत्र घेऊन बोलून पाहावें. शंका तेथेंच फिटते.

दुसरी पायरी विजेची. शिसें-आम्लाची बारा व्होल्टची बॅटरी विसांव्यांत १२.६ दाखवील आणि पाहणारा फसेल. प्रक्षेपक चालूं करून त्या भाराखालीं दाब मोजावा. तो झपाट्यानें अकराच्या खालीं घसरला तर बॅटरी थकली आहे, किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे, किंवा एखादी जोडणी सैल आहे. यंत्र बोलूं लागतांच बंद पडतें व पुन्हां आपोआप जागें होतें, तें पुष्कळदां याच कारणानें. आमची बॅटरी या परीक्षेंत उतरली.

तिसरी पायरी बहिरेपणाची जात ओळखण्याची. ग्राहकांत एक क्षीण लहर सोडावी आणि प्रक्षेपक एकदां बंद, एकदां चालूं करून ऐकावें. प्रक्षेपक बंद असतां ती लहर स्वच्छ ऐकूं येते आणि तो चालूं होतांच खरखरींत बुडते, असें झालें तर यंत्राचें बोलणेंच त्याच्या ऐकण्याचा घात करीत आहे. मग अँटेना काढून तिच्या जागीं डमी लोड, म्हणजे लहरी बाहेर न सोडतां शक्ति जिरविणारा भार, जोडावा. बहिरेपणा गेला तर दोष अँटेनांत, केबलींत किंवा मनोऱ्यावरील एखाद्या गंजलेल्या सांध्यांत. राहिला तर डुप्लेक्सरांत, आंतील जोडण्यांत किंवा खुद्द यंत्रांत. आमच्याकडे प्रक्षेपक बंद असतांही अँटेनावरून येणारी क्षीण लहर ऐकूं येत नव्हती. पण तीच लहर डुप्लेक्सरच्या अँटेनाकडील तोंडाशीं सोडली कीं स्पष्ट ऐकूं येई. म्हणजे यंत्राचे कान शाबूत होते. कानापर्यंत येणारी वाट बुजली होती.

ती वाट म्हणजे मनोऱ्यावर चढणारी केबल. येथें आमच्या वॉटमीटरनें आम्हांस चकविलें होतें. खालून २५ वॉट वर जात आणि परत येणारी शक्ति जेमतेम दीड वॉट दिसे. परत येणारी शक्ति थोडी म्हणजे अँटेना उत्तम, असें आम्ही धरून चाललों. पण गणित पाहा. केबलीनें वाटेंत तीन चतुर्थांश शक्ति खाल्ली तर २५ पैकीं सव्वासहा वॉटच वर पोंचतील. वर अँटेना मुळींच नसली आणि ते सारे उलट फिरले, तरी परतीच्या वाटेवर त्यांचेही तीन चतुर्थांश खाल्ले जाऊन खालीं दीड वॉटच दिसेल. केबल जितकी कुजकी, तितका खालचा आंकडा गोजिरा! म्हणून तोच मीटर आणि तोच डमी लोड घेऊन एक जण वर चढला. खालीं २५, वर सहा. दोष सांपडला.

वरच्या कनेक्टरवरील चिकटपट्टी उन्हानें तडकली होती. तेथून शिरलेलें पाणी केबलीच्या तांब्याच्या जाळींतून झिरपत खालपर्यंत उतरलें होतें. कापून पाहतां लखलखीत तांबें काळेंठिक्कर पडलेलें आढळलें. आणि उलगडा झाला तो असा: यंत्राचे २५ वॉट चौथाईवर आले तरी गांवोगांव ऐकूं जात, घरची आमची यंत्रें जवळ व जोरकस, म्हणून आमचाही आवाज वर पोंचे. मेला तो दूरच्या पांच वॉटचा दुबळा आवाज. कारण तो सव्वा वॉटचाच होऊन कानाशीं येई.

नवी केबल घातली. जोडावर आपणच आपल्याशीं एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळून वर साधी चिकटपट्टी लावली. खोलींत शिरण्यापूर्वीं केबलीला खालच्या बाजूस एक वळण दिलें, म्हणजे पाणी आंत न येतां त्या वळणावरून ठिबकून जातें. विजेच्या भयास्तव मनोरा, केबलीचें बाहेरचें आवरण व खोलींतील पेटी हीं सर्व एकाच भूसंधानाला जोडलीं. पावसाळ्यापूर्वीं व नंतर जोड पाहावयाचे, पंख्यावरील धूळ झाडावयाची, मुंग्या-उंदरांनीं संसार थाटला आहे काय तें बघावयाचें, हा नेम ठरला.

परंतु सर्वांत मोठी सुधारणा आठ आण्यांच्या जुन्या काळीं मिळे तसल्या एका साध्या वहीची. यंत्र निरोगी असतां घेतलेले आंकडे तींत लिहून ठेविले आहेत: बॅटरीचा दाब विसांव्यांत व भाराखालीं, वर जाणारी व परतणारी शक्ति, किती क्षीण लहर ऐकूं येते तें. निरोगी मनुष्याची नाडी ज्यानें कधीं पाहिली नाहीं, त्याला रोग्याची नाडी काय सांगणार? आमच्यापाशीं पूर्वींचे आंकडे असते, तर यंत्राचें ऐकणें महिन्यामहिन्यानें मंदावत आहे हें त्या रात्रीच्या कितीतरी आधीं ध्यानांत आलें असतें.

आतां सायंकाळचा ‘टुक्’ ऐकून कोणी समाधान मानीत नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस वरच्या गांवचा तो तरुण शिक्षक आपल्या ओसरीवर उभा राहून हातांतील पांच वॉटच्या यंत्रावरून आपलें संकेतनाम सांगतो आणि विचारतो, “गुरुजी, ऐकूं येतें का?” तें कितपत स्पष्ट आलें, त्याची नोंद मी वहींत करितों आणि मगच माझें उत्तर देतों. मोठ्या आवाजाची परीक्षा घेऊन यंत्र पास झालें असें म्हणणें ही आमची चूक होती. परीक्षा घ्यावयाची ती सर्वांत दुबळ्या आवाजाची. घरांत, शाळेंत आणि डोंगरावर हा नियम एकच आहे.