जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

शहरातील एखाद्या मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहा. तेथे एकदोन सायकली धूळ खात उभ्या असलेल्या दिसतील. त्यांच्या चाकांत हवा नसते, साखळी गंजलेली असते, बैठकही फाटलेली असते. ज्या मुलासाठी सायकल घेतली, तो उंच झाला. त्याला दुसरी मिळाली आणि ही मात्र तेथेच राहिली.

त्याच वेळी दूरच्या एखाद्या वाडीवरील मुलगी सहा किलोमीटर पायी चालत शाळेला जात असते. ताशी चार किलोमीटर चालले, तर जाण्यास दीड तास आणि परतण्यास दीड तास लागतो. सपाट रस्त्यावर सायकलने ताशी बारा किलोमीटर सहज जाता येते. म्हणजे तिचा तीन तासांचा प्रवास एका तासात होईल आणि रोज दोन तास तिच्या हाती उरतील.

हे दोन तास किती मोलाचे असतात, ते बिहार राज्यात दिसून आले. तेथील सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे आढळले. जेथून शाळा दूर होती, अशा गावांत ही वाढ विशेष होती.

नवी सायकल भेट देणे सर्वांनाच शक्य नसते. पण जिन्याखालची सायकल देता येईल. मात्र ती जशीच्या तशी उचलून देणे बरे नव्हे. ब्रेक न लागणारी सायकल उतारावर जीव धोक्यात घालते. म्हणून आधी तिची नीट परीक्षा करावी लागते.

प्रथम सांगाडा पाहावा. सांगाड्याला किंवा पुढच्या चिमट्याला तडा गेला असेल, तर ती सायकल चालविण्यास देऊ नये. तरीही ती फुकट जात नाही. तिचे चांगले चाक, घंटी किंवा साखळी दुसऱ्या सायकलीला उपयोगी पडते. अशा रीतीने दोन मोडक्या सायकलींतून एक धड सायकल उभी राहते.

नंतर चाक उचलून फिरवावे. ते डावीउजवीकडे झुलत असेल, तर काही आरे सैल झाले आहेत असे समजावे. चाक ज्या बाजूस झुकते, तिच्या विरुद्ध बाजूचे आरे कारागीर थोडेथोडे आवळतो आणि चाक सरळ करतो. चाकाच्या मध्यभागी लहान पोलादी छर्रे असतात. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्यांचे वंगण सुकते. छर्रे रॉकेलने धुऊन, पुसून, त्यांना नवे ग्रीस लावले, की चाक पुन्हा हलके फिरू लागते. साखळी घासून स्वच्छ करावी, प्रत्येक दुव्यावर तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे जादा तेल पुसून काढावे. नाहीतर त्यावर धूळ चिकटते.

पंक्चर काढण्याचे काम तुम्हांलाही शिकता येईल. ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरावी आणि ती पाण्याच्या घमेल्यातून फिरवावी. जेथून बुडबुडे निघतात, तेथे छिद्र असते. ती जागा कोरडी करून काचकागदाने घासावी व तिच्यावर सोल्यूशन लावावे. ते थोडे सुकल्यावर रबराचे ठिगळ घट्ट दाबून बसवावे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतील बाजू जपून चाचपून पाहण्यास विसरू नये. काटा तेथेच राहिला, तर नवे ठिगळ लावूनही श्रम वाया जातात.

शेवटी ब्रेक तपासावेत. ब्रेकचे रबर चाकाच्या लोखंडी कडेवर टेकले पाहिजे. टायरला घासले, तर टायर फाटतो. रबर झिजले असल्यास नवे घालावे. ही परीक्षा जाणत्या कारागिराच्या नजरेखालीच करावी.

परदेशांतही असे काम चालते. अमेरिकेत १९८४ साली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्ज’ ही संस्था स्थापन झाली. तिने जुन्या सायकली गोळा करून निकाराग्वा या गरीब देशात पाठविल्या. पुढे ती बॉस्टन शहरातील मुलांना दुरुस्तीचे शिक्षण देऊ लागली. शिकताना स्वतः दुरुस्त केलेली सायकल मुलाची होते. ती त्याला कोणी दान म्हणून दिलेली नसते; त्याने ती श्रमाने मिळविलेली असते.

आपणही सायकल देताना एवढा विचार करावा. घेणाऱ्याची उंची पाहून बैठक वरखाली करावी. बैठकीवर बसल्यावर त्याच्या पायांची बोटे जमिनीला टेकली पाहिजेत. सायकलीबरोबर हवेचा पंप, ठिगळे आणि सोल्यूशन द्यावे व पंक्चर काढणेही शिकवावे. वाडीवर सायकलीचे दुकान नसते. दुरुस्ती येत नसेल, तर पहिल्याच काट्याने सायकल पुन्हा भिंतीला टेकते आणि मूल पुन्हा पायी चालू लागते.

आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या दारी नेऊन टाकणे म्हणजे दान नव्हे. ती झिजली असेल, तर आधी तिच्यावर आपले श्रम खर्चावेत. ‘या सायकलीवर मी माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत पाठवीन काय?’ असा प्रश्न दुरुस्ती संपल्यावर मनाला विचारावा. उत्तर ‘होय’ असे आले, तरच ती सायकल देण्यास योग्य झाली असे समजावे.